लहानाने आधी बोलायचं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आम्हा सगळ्यांच्या मालकीणबाई. आमच्या बाटल्या गेली वीस वर्षं स्वतःच्या दुकानात अगदी दर्शनी फळीवर मांडणारे आजचे प्रमुख पाहुणे, दुकानदारसाहेब. ज्यांच्यासाठी बाटल्या भरायचं यंत्र भिंतीला सरकवून आपण इथे खुर्च्या मांडल्या, ते चाळीस वर्षं इथली वाइन करून आज निवृत्त होणारे आमचे मास्तर. पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या काकू. आणि द्राक्षं तोडणारे, वाहणारे, पिंपं धुणारे, लेबलं चिकटवणारे माझे सगळे सोबती, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला सात मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, तेही मला दिसतंय. पण एकोणीस वर्षांचं सात मिनिटांत सांगायचं म्हणजे हौदातलं पेल्यात बसवण्यासारखं आहे. थोडं सांडेल. सांभाळून घ्या.

पाहुण्यांसाठी माझी ओळख सांगते. मी इथल्या प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा म्हणजे तळघराच्या जिन्याशेजारची खोली, दोन टेबलं, एक ओटा आणि एक खिडकी, जी उघडत नाही. हातात सदानकदा काचेची नळी असते, पिंपातून वाइन काढायची, म्हणून इथे सगळे मला नळीताई म्हणतात. माझं खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते तिथेच सुखात आहे.

आणि मास्तरांचं म्हणाल, तर त्यांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. चष्म्यावरून बघतात, आणि समोरचा उभ्या उभ्या परीक्षेला बसतो, म्हणून मास्तर. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी काळ्याभोर द्राक्षांचा एक घड माझ्या हातात दिला. म्हणाले, "एक मणी फोड. रसाचा रंग कोणता?" मी म्हटलं, "लाल." न फोडताच! त्यांनी फक्त चष्म्यावरून पाहिलं. मग फोडला. रस पाण्यासारखा पांढुरका. तुमच्यापैकी जे लाल वाइन नुसती पितात, त्यांच्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? लाल वाइनचा लाल रंग रसाचा नसतोच. तो सालीचा. टाकीत साली वर तरंगून येतात, त्यांचा जाड थर जमतो, तो दिवसातून चार वेळा लाकडी दांड्याने खाली दाबायचा, तेव्हा कुठे आठ-दहा दिवसांत साल आपला रंग सोडते. मग साली पिळून टाकून देतात. मास्तर म्हणाले, "लक्षात ठेव. रंग सालीचा आणि नाव रसाचं."

त्या दिवशी मला वाटलं, धडा वाइनचा होता.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा अवघड आहे, आणि इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो ठाऊक आहे, निदान अर्धवट. मास्तरांच्या हातची ही शेवटची वाइन. बाईंनी मोठ्या प्रेमाने ठरवलं की तिच्या सहाशे बाटल्यांवर मास्तरांची सही असलेलं लेबल लावायचं. सुंदर लेबलं छापून आली. खाली एक रेघ, सहीसाठी रिकामी. महिना झाला, ती रेघ रिकामीच आहे. मास्तर सही करत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "बघू." हे 'बघू' गेला महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी आपापल्या परीने चघळलं. कुणी म्हणालं, म्हातारा जाता जाता रुसला. कुणी म्हणालं, बाईंशी बिनसलं. आणि सगळ्यांत जास्त जे बोललं गेलं, ते माझ्या पाठीमागे. पण तळघरात आवाज घुमतो, हे बोलणारे विसरले. मास्तरांच्या जागी आता माझी नेमणूक झाली आहे. ती मास्तरांना पसंत नाही, म्हणून ते सही करत नाहीत, असं.

मास्तरांबद्दल चाळीस वर्षांत कुणी वावगा शब्द काढला नव्हता. जायच्या महिन्यात तेवढं ऐकावं लागलं. म्हणून आज सकाळी मी त्यांना विचारलं, "मास्तर, खरं सांगू का सगळ्यांना?" ते काय म्हणाले ते शेवटी सांगते. आत्ता एवढंच सांगते की परवानगी घेतली आहे. घेतली आहे ना, मास्तर? बघा, मान हलवताहेत. बाई, तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही आज इथे, सगळ्यांच्या बरोबरीने, पहिल्यांदा ऐकणार आहात. त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

थोड्या वेळापूर्वी बाईंनी मानपत्र वाचलं. त्यात एक वाक्य होतं: 'मास्तरांचं अचूक नाक हीच या वाइनरीची खरी पुंजी.' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काकूंनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या आपल्या पर्सची चेन उघडझाप करत होत्या.

मास्तरांना वास येत नाही.

तीन वर्षं झाली. एका हिवाळ्यात त्यांना ताप आला होता, आठवतंय? बारा दिवस ते कामावर नव्हते, आणि आपण सगळे पोरके झाल्यासारखे तळघरात फिरत होतो. ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत परत येईल. काहींचं येतं, काहींचं नाही. मास्तरांचं आलं नाही. काकूंना आधी कळलं. चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला, आणि हे तिथेच, हाताच्या अंतरावर, पेपर वाचत बसलेले. काकू ओरडल्या, "अहो, नाक आहे की नुसता चष्मा ठेवायची खुंटी?" आणि मास्तरांनी पेपर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "खुंटीच." काकूंनीच मला हे सांगितलं. त्या म्हणतात, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चेष्टेत बोललेलं इतकं कधी लागलं नव्हतं.

थांबा, इथे कुजबुज चालू झाली. साहजिक आहे. गवयाचा कान जावा, शिंप्याचे डोळे जावेत, तसं हे. बरं, माणसाने सांगावं तर कुणाला? नाक गेलं असं वाइनवाल्याने सांगितल्यावर त्याचं उरतं काय? मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, "टोपी."

तापानंतर कामावर आले, त्या पहिल्याच चाखण्याच्या दिवशी मास्तरांनी एक नवा नियम काढला. त्याआधी आमच्याकडे काय व्हायचं? सगळे पिंपाभोवती उभे, प्रत्येकाच्या हातात पेला, मध्ये थुंकायची बादली. हो, थुंकायची. आमचं हे एकच कामाचं ठिकाण असेल जिथे थुंकलं नाही म्हणून बोलणी बसतात. तर मास्तर आधी वास घेणार, आधी बोलणार. "मिरी आहे. थोडा धूर आहे." की मग आम्ही सगळे, "हो, मिरी, धूर." मास्तर म्हणाले असते की यात जुना मोजा आहे, तरी आम्ही म्हटलं असतं, हो, डाव्या पायाचा. त्या दिवशी मास्तर म्हणाले, "आजपासून लहानाने आधी बोलायचं. हुद्द्याने जो सगळ्यांत खाली, तो पहिला. मी सगळ्यांत शेवटी. आणि जो जे बोलेल, ते पिंपावर खडूने लिहायचं."

आपण किती भारावलो होतो! एवढा मोठा माणूस, आणि सगळ्यांचं ऐकून घेतो. बाईंनी तर वार्षिक सभेत हे उदाहरण दिलं. आणि हुद्द्याने सगळ्यांत खाली कोण? पिंपं धुणाऱ्या मावशी. वयाने माझ्या आईच्या बरोबरीच्या. त्या शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभ्या आहेत, खुर्ची रिकामी असून. मावशी दारूचा थेंब पोटात जाऊ देत नाहीत. चाखतात आणि थुंकतात, ते पण तोंड फिरवून. आयुष्यभर त्यांनी पिंपं आतून घासली, पण आतल्या वाइनबद्दल त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. पहिल्या दिवशी त्या इतक्या लाजल्या की म्हणाल्या, "मला काय कळतंय? वाइनसारखा वास येतोय." मास्तर म्हणाले, "वाइनसारखा म्हणजे कशासारखा?" मावशींनी पुन्हा नाक घातलं. बराच वेळ. आणि म्हणाल्या, "पेन्सिल तासल्यावर येतो, तसा." आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. "खडू दे त्यांच्या हातात," म्हणाले.

मला कळलं ते असं. त्याच वर्षीच्या हंगामात तीन नंबरची टाकी बिघडली. टाकी कधी कधी बिघडते. आतल्या, रस आंबवणाऱ्या यीस्टला पुरेसं खाणं मिळालं नाही की ते चिडतं आणि उकडलेल्या अंड्यांसारखी घाण सोडतं. त्या दिवशी अशी घाण होती की फोर्कलिफ्टवाले दादा, जे स्वतः दिवसाला चाळीस विड्या ओढतात, ते गाडी चालू ठेवून पळाले. मी रुमाल लावून शिडी चढले, तर वर मास्तर. झाकण उघडं. त्या झाकणावर वाकून, अगदी तोंड घालून, आत बघताहेत. मला पाहून म्हणाले, "छान चाललंय."

मी शिडीवरूनच त्यांना म्हटलं, "मास्तर, जरा खाली येता?" प्रयोगशाळेत नेलं, दार लावलं. ते स्टुलावर बसले. मी विचारलं, "किती दिवस?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तापापासून." "अजिबात?" "अजिबात." मग म्हणाले, "तीन नंबरला काय झालंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "किती वाईट?" मी म्हटलं, "दादा पळाले." त्यावर त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. कुठे बघावं कळेना, म्हणून मी ती खिडकी उघडायला गेले. ती उघडत नाही, हे मी मघाशी सांगितलंच.

त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. कुणी मला तसं म्हटलं नाही. ठरलं एवढंच की सगळ्यांबरोबर चाखायच्या आधी आम्ही दोघांनी पिंपांवरून फिरायचं, आणि मी वास सांगायचा. आता तुम्ही म्हणाल, मग मास्तर काय करत होते? तेच तर सांगायचंय. त्यांची जीभ शाबूत होती. आंबट किती, कडू किती, हिरड्या किती आवळतात, घोट गेल्यावर तोंड कोरडं पडतं की ओलं राहतं, हे ते माझ्या यंत्रांच्या आधी सांगायचे. टाकीला कान लावून आतली बुडबुड ऐकायचे. सालींच्या थरात हात घालून म्हणायचे, "दोन अंशांनी तापलाय," आणि थर्मामीटर लावावा तर दोनच. नाक गेल्यावर बाकीचा माणूस दुप्पट हजर झाला होता.

मी मात्र भिकार नाक निघाले. पहिल्या आठवड्यात मी सांगायची, "छान आहे, मास्तर." ते म्हणायचे, "छान हा वास नव्हे. तुझं मत नको मला. वास सांग." मी म्हणायची, "फळांचा." "कुठल्या? ताज्या की उकडलेल्या? मंडईतल्या की आदल्या दिवशीच्या पिशवीतल्या?" अहो, मी रसायनशास्त्र शिकलेली बाई! एका पिंपाजवळ मला पंधरा मिनिटं उभं केलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माझ्या बाबांच्या स्कूटरच्या सीटचा. उन्हात तापलेल्या." मास्तर म्हणाले, "आता आलीस." तोवर मी सोळा वर्षं या वाइनचा वास घेतच होते, असं मला वाटायचं. खरं तर नुसता श्वास घेत होते. ज्याला येत नाही त्याला सांगायची वेळ आली, तेव्हा मला वास यायला लागला.

आता माझ्या चुकीकडे येते. मास्तरांचं गुपित उघड करायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे काही बरं नव्हे.

दुसऱ्या वर्षी वाइन जुळवायचा दिवस होता. नवख्यांसाठी सांगते: पिंपं वीस असली तरी वाइन एक करायची असते. कुठल्या पिंपातली किती घ्यायची, हे चाखून ठरवायचं आणि सगळं मोठ्या टाकीत एकत्र करायचं. एकदा ओतलं की ओतलं. साखर चहातून परत काढता येत नाही. त्या दिवशी मला सर्दी होती. साधीसुधी नव्हे, डोकं चोंदलेलं, समोर फिनेल ठेवलं तरी कळू नये अशी. सांगायला काय हरकत होती? दोन दिवस थांबलो असतो. पण खरं सांगते, तोवर मला चढली होती. वाइन नव्हे, ऐट. मास्तरांचं नाक म्हणजे मी! ते नाक चोंदलंय असं कोण सांगणार? मी काय केलं, महिन्याभरापूर्वीची माझी वही पाठीमागे धरली आणि एकेका पिंपाशी थांबून, डोळे मिटून, पेला हलवून, वहीतलं जुनं पाठ म्हणून दाखवलं. "अकरा, मिरी. बारा, तंबाखू. चौदा, मिरी, जरा धूर, ठीक." मास्तर मन लावून ऐकत होते आणि पेन्सिलीने आकडे मांडत होते. घाई होती म्हणून सगळ्यांना बोलावून चाखायचं त्या दिवशी आम्ही टाळलं. ज्याने नियम काढला, त्यानेच मोडला, आणि मोडायला मी मदत केली.

चौदा नंबरच्या पिंपाला पाइप लावला होता. पंपाचं बटण दाबायचं तेवढं बाकी. इतक्यात मावशी बादली घेऊन बाजूने चालल्या होत्या. थांबल्या. नाक वर केलं. पिंपाच्या तोंडाशी वाकल्या. आणि म्हणाल्या, "याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय. हे घालताय का?"

 मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून नव्हे, चष्म्यातून. "तुला नाही आला?" मी वही खाली ठेवली. "सर्दी आहे, मास्तर." ते म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, "परवापासून."

 मग म्हणाले, "म्हणजे वीस पिंपांची वाइन जुळवायला इथे दोन जाणती माणसं उभी आहेत, आणि दोघांत मिळून नाक एकही नाही." आणि पिंपावर हात टेकून इतके हसले की मावशींनी बादली खाली ठेवली. मीही हसायला लागले. सुटले असं वाटलं मला. पण हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "माझं गेलं, ते मी भीतीपोटी लपवलं. मी म्हातारा आहे. तुझं तर दोन दिवसांत येणार होतं, ताई. तू का लपवलंस?"

मी चौदा नंबरचा पाइप सोडवायला लागले. 

चौदा नंबरच्या पिंपाला आतून बुरशी लागली होती. ते ओतलं असतं तर त्या वर्षीची सगळी वाइन वाया. काय म्हणालात, बाई? पिंपाचं काय झालं? ते मधोमध कापलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या ज्या कुंड्या आहेत ना, त्याच. मघाशी पाहुण्यांनी तिथेच उभं राहून फोटो काढला. फुलं छान येतात त्यात. आणि उरलेल्या एकोणीस पिंपांची जी वाइन झाली, दोन दिवसांनी, सगळ्यांनी चाखून, मावशींनी आधी बोलून, तिचं पदक त्या भिंतीवर आहे. तिथे तीन आहेत, त्यांतलं मधलं. त्याच्याखालच्या प्रशस्तिपत्रात लिहिलंय, 'एका अचूक नाकाची निर्मिती.' वाक्य खरं आहे. नाक कुणाचं, एवढंच लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मावशींना गाठलं. त्या नळ्या गुंडाळत होत्या. म्हटलं, "मावशी, मास्तरांचं तुम्हाला आज कळलं ना? कुणाला सांगू नका." त्या म्हणाल्या, "आज? मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे." मी म्हटलं, "कसं?" तर म्हणाल्या, "मी केसांना वासाचं तेल लावून आले होते एकदा, चुकून." तळघरात वासाचं काही लावून येणाऱ्याला मास्तर काय करायचे, ते इथल्या प्रत्येकाने भोगलंय. मला एकदा साबणापायी घरी पाठवलं होतं. मावशी पुढे म्हणाल्या, "त्या दिवशी ते माझ्या शेजारी उभे राहिले, अवाक्षर बोलले नाहीत. मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुप्पट लावून आले." बघा, हिला म्हणतात प्रयोगशाळा! मी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मावशींनी नळी खुंटीला लावली. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं. मी कशाला मोडू?"

मी या वाक्याचा दोन वर्षं विचार करते आहे. मास्तरांनी नियम काढला तो आपलं उणं झाकायला, यात शंका नाही. ते स्वतःच तसं म्हणतात, त्याला मोठेपणाचा मुलामा देऊ नकोस म्हणतात. पण झाकायला म्हणून धरलेला तो पडदा, त्याच्या आडून पहिल्यांदा मावशींचा आवाज आला, फोर्कलिफ्टवाल्या दादांचा आला, माझा आला. मास्तरांचं नाक शाबूत असतं तर आम्ही आजही "हो, मिरी, धूर" म्हणत असतो. मग ही तीन वर्षं फसवणुकीची म्हणायची की आमच्या शहाणपणाची? मला ठरवता येत नाही. बाई, तुम्हाला ठरवावं लागेल. आम्ही दोघांनी तुम्हाला तीन वर्षं अंधारात ठेवलं, हे खरं आहे. हे ऐकून माझ्या नेमणुकीचा पुन्हा विचार करावासा वाटला, तर जरूर करा. उद्या सकाळी मी प्रयोगशाळेत असेन, नळी हातात असेल, मास्तरांची खुर्ची मिळो वा न मिळो.

आता सहीचं. मास्तर रुसलेले नाहीत. माझ्यावर तर नाहीतच. या शेवटच्या वाइनचा वास त्यांना कधी आला नाही. तिची चव त्यांना पाठ आहे, तिचा आवाज त्यांना माहीत आहे, पण जिचा वास माहीत नाही तिच्यावर आपलं एकट्याचं नाव कसं घालायचं, एवढाच प्रश्न होता. आणि तो सांगायचा तर सगळंच सांगावं लागणार, म्हणून महिनाभर 'बघू'.

आज सकाळी ते प्रयोगशाळेत आले. त्याच स्टुलावर बसले. मी विचारलं, खरं सांगू का. म्हणाले, "तूच सांग. मी सांगितलं तर लोक रुमाल काढतील. तू सांगितलंस तर ऐकतील." मग निघताना दारात थांबले. "आणि लेबलं आण तिथे. करतो सही." मी म्हटलं, "करता?" म्हणाले, "हो. पण आपल्या नियमाने."

म्हणून, बाई, आपली परवानगी असेल तर एक विनंती आहे. लेबलांचं खोकं या टेबलाखाली आहे. सहीची रेघ एकच आहे, पण आमचे लोक बारीक अक्षरात लिहितील. सहाशे लेबलं एका दमात होणार नाहीत, आज पहिलं लेबल करू. मावशी, पुढे या. काय? हात ओले आहेत? पुसा आणि या. खुर्च्यांमधून नको, भिंतीकडून या, हां. दादा, तुमचा नंबर त्यांच्यानंतर, विडी बाहेर ठेवा. पेन... पेन मी आणलं नाही की काय... धन्यवाद, बाई. तुम्ही स्वतःचं पेन काढून दिलंत, टोपण काढून दिलंत, आता मला काही विचारायचं उरलं नाही.

काकू, तीन वर्षं घरात हे एकट्याने सांभाळलंत, तुमचे आभार. दुकानदारसाहेब, आमच्या बाटल्या फळीवरून काढू नका, आत तीच वाइन आहे. सूत्रसंचालकांनी घड्याळ केव्हाच उलटं करून ठेवलंय, त्यांचेही आभार. एकोणीस वर्षांचं बोलताना काही जास्त बोलले असेन, काही सांगायचं राहून गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. मी एवढं बोलून सहीच्या रांगेत, शेवटून दुसरी, जाऊन उभी राहते.

मावशी, इथे. या रेघेवर, अगदी सुरुवातीला. आणि मास्तर, तुम्ही उठू नका. तुमची पाळी सगळ्यांत शेवटी.